पाखराच्या कानातली खरखर

गेल्या होळीच्या सुमारास मी कुरुंद्याला घरी होतो. वसमत भागात ते दिवस हळदीचे. आमच्याही अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि तिच्या राखणीला आई खाटेवर बसली होती. पुण्याहून आमचे भाचेबुवा आले होते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, तेव्हा सामानात कपडे कमी आणि तारा जास्त! स्वतः जोडलेला चार पंख्यांचा ड्रोन त्यांनी मोठ्या ऐटीत उडवला. साठ पावलांवर तो थरथरला, भलतीकडेच वळला आणि आईच्या खाटेपासून दोन हातांवर हळदीत येऊन आदळला. पंखे फिरतच होते.

"अरे, डोळा गेला असता की माझा!" आई म्हणाली.

मग गावाचा पंचनामा सुरू झाला. कुणी मोबाइलच्या टॉवरला दोष दिला, कुणी टोकाईच्या डोंगरावरच्या वाऱ्याला. भाच्याने दोष रिसीव्हरला दिला आणि नवा मागवून बसवला. दोष जागच्या जागी!

मला त्यातले फारसे कळत नाही. पण रेडिओची खरखर ऐकत माझे बालपण गेले आहे. वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, मध्यम लहरींवर जिथे कुठलेच केंद्र लागत नाही तिथे काटा ठेवला. ड्रोनचे पंखे आधी उतरवले (वाचकहो, हे कधी विसरू नका) आणि मोटारी चालू करून ट्रान्झिस्टर भोवती फिरवला. बॅटरीच्या जाड तारांजवळ तो तळणीसारखा तडतडू लागला. आणि नेमकी त्याच तारांना, काळ्या पट्टीने सुबक आवळून, रिसीव्हरची अँटेना बांधलेली!

"पण मामा, हा पुरावा नव्हे," भाचा म्हणाला. "तुमचा ट्रान्झिस्टर ऐकतो मध्यम लहरी, माझा रिसीव्हर 2.4 गिगाहर्ट्झ." पोराचे बरोबर होते. तेव्हा परीक्षा घ्यायची ठरली. रिमोटमध्ये शक्ती मुद्दाम कमी करून पल्ला तपासण्याची सोय असते. मोटारी बंद असताना तीस पावलांवरही सिग्नल शाबूत. मोटारी चालू करताच बाराव्या पावलाला तुटला. म्हणजे टॉवर सुटला, वाराही सुटला. चोर घरातलाच!

मग एका वेळी एकच बदल. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिच्या चौथ्या हिश्शाएवढे, 31 मिलिमीटरचे अँटेनेचे उघडे टोक तेवढे खरे ऐकते. ते टोक तारांना बिलगलेले, शिवाय कार्बन फायबरच्या हाताखाली दडलेले. कार्बन फायबरमधून वीज वाहते, म्हणून तो लहरी अडवतो. दोन्ही अँटेना बाहेर काढून एकमेकींशी काटकोनात उभ्या केल्या. मोटारी चालू असतानाही तीस पावले पार पडली. तरी वेग झटक्याने वाढवला की सिग्नल क्षणभर डळमळे. त्यासाठी बॅटरीच्या तारा जिथे जोडल्या होत्या तिथे 1000 मायक्रोफॅरडचा, 35 व्होल्टचा कपॅसिटर डाखला, अधिक-उणे दोनदा पाहून. रिसीव्हरच्या तारांना पीळ दिला. डळमळ थांबली.

शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात, 2023 साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पातही शास्त्रज्ञांना नको ती थरथर वेगळी काढूनच विश्वाची कुजबुज ऐकायची आहे. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याची कळी जरा खुलली.

पण माझे समाधान झाले नव्हते. "सिग्नल तुटला तर हे पाखरू काय करतं?" मी विचारले. भाचा गप्प. फेलसेफ म्हणून जी व्यवस्था असते, तिच्यात त्याने शेवटचा हुकूम चालू ठेवण्याची आज्ञा भरली होती! म्हणून तर पंखे फिरत आईकडे आले. सिग्नल तुटताच मोटारी बंद, अशी आज्ञा त्याने माझ्यासमोर भरली, रिमोट बंद करून पडताळली आणि मगच पंखे चढवले.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ड्रोन दीडशे पावले गेला आणि शहाण्यासारखा परत आला. आईला हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि आपली खाट अंगणातून उचलून कडुनिंबाच्या फांदीखाली ठेवायला लावली.