मरणोन्मुख इनायतखानाची तसबीर

मोंगल दरबारांतील तसबिरी म्हटल्या कीं, जरीचे जामे व मोत्यांचे हार डोळ्यांपुढें येतात. परंतु विद्यार्थ्यांनीं १६१८ सालची इनायतखानाची तसबीर अवश्य पाहावी. अफू व मद्य यांपायीं या सरदाराचा केवळ सांपळा उरला होता. जहांगीर बादशहानें चिताऱ्यांस त्याची छबी उतरण्याची आज्ञा केली, त्यास २,००० रुपये दिले. दुसऱ्याच दिवशीं खान वारला. ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांतील त्या अपारदर्शक जलरंगांच्या चित्रांत लोडांस टेकलेल्या देहाच्या फांसळ्या मोजून घ्याव्या. यास कोणी निर्दयपणा म्हणेल. तो बादशहाचा असेल, चिताऱ्याचा खास नव्हे. त्यानें जें दिसलें तेंच काढलें. तींच व्यसनें जहांगिरासही होतीं, असें तो आत्मचरित्रांत स्वतःच सांगतो. त्याच्या तसबिरींत मात्र मस्तकामागें तेजोवलय आहे.