घरगुती वेल्डिंग यंत्र कोणते घ्यावे?

पेरणीच्या ऐन घाईत लोखंडी तिफणीचा सांधा उकलला तर पांढरकवड्याकडील शेतकऱ्याचा मोलाचा दिवस जातो. म्हणून वेल्डिंगचे यंत्र घरी असणे इष्टच. परंतु अधिक अँपिअरचे तेच उत्तम, हा समज बरोबर नव्हे. किरकोळ सांध्यास अडीच मिलिमीटरचा रॉड व 60 ते 90 अँपिअर बहुधा पुरतात. तेव्हा सिंगल फेजवरील लहान इन्व्हर्टर यंत्र घ्यावे. मात्र पंप सुरू होऊन विजेचा दाब उतरला असताही ते चालेल काय, हे आधी पाहावे. वाचलेला पैसा काळ्या काचेच्या मुखवट्यावर खर्चावा. कापूस साठविलेल्या घरात तर ते मुळीच चालवू नये; एका सांध्यापायी वर्षाचे पीक ठिणगीच्या स्वाधीन करणे, हा कोठला हिशेब?