चोवीस तास चार्जरवरचा मोबाईल



लोणी काळभोरला माझ्या नणंदेचं घर आहे. तिचे पती तिथल्या तेल डेपोतून टँकर घेऊन जातात, त्यामुळे आठवड्यातल्या दोन-तीन रात्री ते रस्त्यावरच असतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अम्मीकडे वाटेतूनही लक्ष ठेवता यावं म्हणून त्यांनी आपला जुना मोबाईल पलंगासमोरच्या फळीवर कॅमेरा म्हणून लावला. तो बंद पडू नये म्हणून चार्जर कायमचा जोडलेला. आठ महिने सगळं छान चाललं होतं. एप्रिलमध्ये मी भेटायला गेले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामी, फोनचं पोट फुगलंय!" आणि तो बोटाने दाबून बघणार, एवढ्यात मी त्याचा हात धरला.

पाठीमागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. फळीच्या शेजारी पडदा, खाली दादींचं अंथरूण. डेपोच्या दारात ज्या माणसाला रोज मोबाईल जमा करावा लागतो, त्याच्याच घरात हा धोका उशाशी बसला होता. यात त्याची चूक नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत असे फोन आहेत. कुणाचा नमाजच्या वेळा आणि अजान लावण्यासाठी, कुणाचा दुकानात पैसे आल्याचं कळावं म्हणून, कुणाचा मुलांच्या अभ्यासाला इंटरनेट देण्यासाठी.

आपला समज असा की फोन चार्जरवर असला म्हणजे बॅटरी वापरली जात नाही, म्हणजे ती टिकते. खरी गोष्ट उलटी आहे.

मोबाईलची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. तिच्या एका बाजूला ग्रॅफाइट असतं, परतदार पराठ्यासारखं थराथरांचं. चार्ज करताना लिथियमचे कण त्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना बाहेर येतात. ग्रॅफाइटमध्ये लिथियम असं ये-जा करू शकतं, हे 1980 मध्ये दाखवणारे रशीद यझामी हे मोरोक्कोतल्या फेस शहरात जन्मलेले शास्त्रज्ञ. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि आज ती घरोघरी आहे.

फोन 100 टक्के भरला की आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वांत जास्त असतो. ताणून ठेवलेलं रबर जसं लवकर सैल पडतं, तशी पूर्ण भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवली तर लवकर म्हातारी होते. आतल्या द्रावणाची हळूहळू मोडतोड होते, वायू तयार होतो आणि पोट फुगतं. फोनमधली सुरक्षा यंत्रणा जादा चार्ज होऊ देत नाही हे खरं, पण ती बॅटरीला 100 वरून खाली येऊही देत नाही. थोडी उतरली की पुन्हा भरते.

दुसरा शत्रू उष्णता. बॅटरीविषयी नेहमी दिले जाणारे आकडे पाहा. 25 अंशांत 40 टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता वर्षाने साधारण 96 टक्के उरते. तीच पूर्ण भरून ठेवली तर 80 टक्के. आणि पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर 65 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये 40 अंश म्हणजे काही विशेष नाही.

मग करायचं काय?

फोन नवा असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर 80 टक्क्यांची मर्यादा शोधा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत आणि आयफोन 15 पासून पुढे ती आहे. एकदा लावली की काळजी मिटली.

जुन्या फोनात ही सोय नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात टायमरचं सॉकेट मिळतं. तेही नको असेल तर नमाजच्या वेळा आहेतच. फज्रला बटण चालू, इशराकच्या सुमारास बंद. मगरिबला चालू, इशाला बंद. कमी पडलं तर जुहरला थोडा वेळ. चार्ज 30 ते 80 च्या दरम्यान राहिला म्हणजे झालं. बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करायची, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. तो इथे लागू नाही.

फोनचं कव्हर काढा. फ्रिजवर, गादीवर, उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. स्क्रीन बंद ठेवा. फास्ट चार्जरऐवजी साधा, कमी वॅटचा चांगला चार्जर वापरा, तो कमी तापवतो. आणि कॅमेरा कायमचाच हवा असेल तर बॅटरी नसलेला, थेट विजेवर चालणारा वायफाय कॅमेरा घेणं उत्तम.

फुगलेला फोन दिसला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग चार्जर काढा आणि फोन बंद करा. दाबू नका, टोचू नका, घरी उघडू नका. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात, कपड्यालत्त्यापासून दूर, सावलीत ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. धूर किंवा आग दिसली तर घरातल्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.

झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत, कारण उंदराने वात ओढली तर घर पेटेल, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आता वातीचे दिवे गेले, पण त्या शिकवणीतली काळजी आजही तशीच लागू आहे. चांगली वस्तू निष्काळजीपणाने दोन वर्षांत निकामी करणं हा इस्राफ आहेच, पण उशाशी झोपलेलं माणूस ही त्याहून मोठी अमानत आहे.

नणंदेच्या घरी आता विजेवरचा कॅमेरा आहे. दुसरा एक फोन अजानसाठी आहे, तो दादींच्या पलंगापासून दूर, भिंतीला. दर जुम्म्याला भाचा त्याच्या पाठीवरून अलगद बोट फिरवतो आणि ओरडून सांगतो, "दादी, पोट सपाट आहे!"

तुमच्या घरातला असा फोन कुठे आहे? हे पान वाचून झालं की उठून एकदा बघून या. अल्लाह हाफिज.