लॅपटॉप आला म्हणून सिक्वेन्सर विकू नका

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत बेंजो पार्टीत, हळदीला, पालखीपुढे कीबोर्ड आणि पॅड वाजवणाऱ्या मुलांना ही विनंती आहे. घरात लॅपटॉप आला की जुना सिक्वेन्सर विकून टाकायचा विचार मनात येतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळं होतं, हे खरंच आहे. पण नाचणाऱ्यांकडे बघत, बोटांनी ठेका फिरवायचा असेल तर माउस कामाचा नाही. दोन्ही ठेवा आणि एकमेकांना जोडा.

मांडव्यासमोरच्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं एकत्र वाजवून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले. सिनेमाच्या गाण्यांत साथ करणारे हे वादक. ती तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जग चकित झालं, कारण त्याच टीबी-३०३चा तसा आवाज शिकागोत गाजला तो या तबकडीनंतर काही वर्षांनी. चरणजितजींकडे कंप्युटर नव्हता. यंत्रं एकमेकांशी जोडणारी मिडीसुद्धा १९८३ साली आली. तुमच्याकडे आज दोन्ही आहे.

जोडताना एक गोष्ट आधी ठरवा: ताल कोण धरणार? एका होडीवर दोन तांडेल चालत नाहीत. घरी रेकॉर्डिंग करताना ताल कंप्युटरकडे द्या आणि सिक्वेन्सरच्या मेनूत क्लॉक ‘एक्स्टर्नल’ करा. मग वाजवलेलं सॉफ्टवेअरच्या रेघांवर बसतं. ऑडिओ इंटरफेसचा बफर २५६ ठेवलात तर आवाजाला सुमारे ६ मिलिसेकंद उशीर होतो, १०२४ ठेवलात तर २३, आणि तो बोटांना जाणवतो. कार्यक्रमात मात्र उलट करा. सिक्वेन्सर स्वतःच्या तालावर चालू दे, लॅपटॉपने फक्त रेकॉर्ड करावं. लॅपटॉप अडकला तरी हळद थांबत नाही.

कोळीगीताचा ठेका या यंत्रांत बसत नाही, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्र १६ घरांचा पॅटर्न दाखवतं आणि आपण मुकाट्याने १६च भरतो, म्हणून गाणं सरळसोट, परकं वाटतं. पॅटर्नची लांबी १२ करा, एका ठोक्याला तीन घरं धरा, घराचं माप ट्रिपलेटवर ठेवा. मिडी क्लॉक एका ठोक्यात २४ टिक पाठवतो. २४ला तीनने भाग जातो, म्हणून प्रत्येक घराला बरोबर ८ टिक मिळतात आणि कंप्युटरशी ताल सुटत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या घरावरचे ठोके थोडे हलके करा. सगळे सारख्या जोराने वाजले तर पाय उचलत नाही.

यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तेवढ्याने थांबला तर पाच पिनांची मिडी केबल वापरा. तिच्यात दोन यंत्रांची वीज एकमेकींना शिवत नाही. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. श्रावणात, ओल्या मांडवात, हातात माइक घेतलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

आपल्या खाऱ्या हवेत जॅक गंजतात, आतली बॅटरी संपली की कित्येक जुन्या यंत्रांची मेमरी पुसली जाते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूडकडची घरांची छपरं उडाली, बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्यामुळे मेनूत ‘बल्क डंप’ असेल तर सगळे पॅटर्न मिडीवाटे कंप्युटरमध्ये उतरवून घ्या. शिवाय ढोल, बेस, सूर असा एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावातल्या मित्राकडे ठेवा.

पार्टीतल्या थोरल्या वादकांनी वर्षानुवर्षं बसवलेले ठेके अशा जुन्या यंत्रांत पडून आहेत, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाहीत. यंत्र विकायचंच असेल तर आधी ते उतरवून घ्या. शक्य असेल तर विकूच नका, पार्टीत नव्याने आलेल्या मुलाच्या हाती द्या आणि कंप्युटरला कसं जोडायचं तेही त्याला दाखवा.