अंगठा उमटत नाही, त्याचं काय?

सरकार आता घरबसल्या मिळतं म्हणतात. मिळत असेल. पण घर कुणाचं आणि बसायला सवड कुणाला, हे विचारल्याशिवाय मी ते कबूल करणार नाही.

आमचं कळंब काही आडरानात नाही. पुणे-नाशिक रस्ता गावाला लागून जातो, डिंभ्याचं पाणी रानात येतं, मोबाइलला रेंज असते. तरी करोनात इथल्या माणसांचे हाल झालेच. १ मे २०२१पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली. पण आधी को-विनवर नाव नोंदवा, वेळ घ्या, मग या. पोर्टलवर मराठी आली ती जूनमध्ये. तोवर इंग्रजी वाचा, ओटीपीची वाट बघा, आणि तो येईस्तोवर जागा संपलेल्या. शहरातली चपळ बोटं खेड्यातल्या केंद्रांच्या जागा पटकवायची आणि माणसं गाड्या काढून गावाकडं लस घ्यायला यायची. आमच्या शिवारात मजुरी करणारा एक पोरगा अशाच एका केंद्राच्या दारातून माघारी आला. आत लस होती, समोर नर्सबाई होत्या. यादीत नाव तेवढं नव्हतं. "माझा हात हाय की हितं, नाव कशाला पायजे?" असं तो मला म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही.

३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. सक्ती हळूहळू सैल झाली आणि जूनमध्ये केंद्राने स्पष्ट केलं, की आधी ऑनलाइन नोंदणी बंधनकारक नाही. मग जे जूनमध्ये जमलं, ते मेमध्ये का जमलं नाही?

रेशनचंही तेच. संसर्ग नको म्हणून राज्याने त्या काळात लाभार्थ्याच्या अंगठ्याऐवजी दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य द्यायची मुभा दिली होती. म्हणजे यंत्र बाजूला ठेवता येतं! साथ ओसरली आणि अंगठा परत आला. जन्मभर कांदा लावून, खुरपून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिला आता मशीन ओळखत नाही. अख्खी आळी ओळखते, दुकानदार तिला मावशी म्हणतो, पण मशीनपुढं ती कुणीच नाही.

१५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी आली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी भाऊसाहेब करायचे. ते बांधावर न येता चावडीत बसूनच पीक लिहायचे, हीही तक्रार जुनीच. पण आता ते काम शेतकऱ्याच्याच गळ्यात आलं. फोन त्याचा, डेटा त्याचा, फोटो तोच काढणार; आणि नोंद राहिली तर दोषही त्याचाच.

मी यंत्राचा वैरी नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, हेलपाटा वाचतो. याचं मला कौतुकच आहे. माझं भांडण आहे ते दुसरं दार बंद करण्याशी. आमच्याच तालुक्यात ३० जुलै २०१४ला माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, ते बाहेरच्यांना कळलं एसटीच्या चालकामुळं. रोजच्या वाटेवर गाव दिसेना, हे त्याच्या ध्यानात आलं. अशी रोज येणारी, तोंडओळख असणारी माणसं सरकारात कमी करत न्यायची आणि त्यांच्या जागी पडदा लावायचा, याला मी सुधारणा म्हणणार नाही.

२०१५चा लोकसेवा हक्क कायदा आपल्याकडे आहे. अधिसूचित सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं. हाच नियम मशीनच्या नकारालाही लावा. अंगठा उमटला नाही, तर दुकानदाराने वहीत नोंद करून त्याच दिवशी धान्य द्यावं. ओटीपी आला नाही, तर कागदावरचा अर्ज घ्यावा आणि पोच द्यावी. ग्रामसभेत हे ठराव करून मागा. "सर्व्हर डाऊन आहे" हे ऐकून निमूट घरी येऊ नका. तेच वाक्य तारीख टाकून, सहीनिशी लिहून मागा.