लोखंडी हाताची दारू

२०१४ साली 'क्वांटम ऑफ द सीज' ह्या जहाजावर बारमागं दोन रोबो उभे केले. टॅब्लेटवर ऑर्डर द्या. लोखंडी हात टांगलेल्या बाटल्यांखालनं फिरतो, घुसळतो, ग्लास भरतो. जात इचारत नाही.

आमच्या हिवरखेडात आज्याची कपबशी हॉटेलाबाहेर येगळी. १९५५चा अस्पृश्यता कायदा झाला तरी चहा वरूनच ओतायचे, विसळायची त्यानंच. म्हणून ह्या हाताचं मला कौतुक आहे. खोटं कशाला बोलू?

पण मी गोदीतला. १९८९ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर वाढले. क्रेननं आधीच्यांच्या पाठीवरचं ओझं उचललं, अन् संगं मजुरीही. रोबोला पगार नको, रजा नको, युनियन तर नकोच. मालक खूष. सांडलेली दारू पुसायला मात्र कोणत्या वस्तीतला पोरगा ठेवलाय, तेवढं इचारा.