घर असताना तंबू कशाला?

गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि बायको भोरजवळच्या रायरेश्वरावर तंबू ठोकून राहिलो. सोमवारी ऑफिसात फोटो दाखवले, सगळे 'वॉव' म्हणाले. तेव्हापासून मला स्वतःचाच राग येतोय. तो इथे काढतो. (थोडा तुमच्यावरही निघेल, आधीच सांगून ठेवतो.)

आधी हिशोब. तंबू, मॅट, दोन स्लीपिंग बॅगा आणि गॅसची छोटी शेगडी मिळून साधारण ९,००० रुपये. नूडल्स, चीज, ब्रेड, कॉफी सगळं पुण्याच्या सुपरमार्केटातलं. पेट्रोलही पुण्यातच भरलेलं. कापूरहोळ, भोर, आंबवडे करत गेलो, मग लोखंडी शिडी चढून पठारावर. एवढ्या खर्चातले वर राहणाऱ्या माणसांच्या हाती किती पडले? ४०. दोन चहाचे.

आणि वर माणसं राहतात हो! १६४५ साली शिवरायांनी इथल्या देवळात स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते, तेवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्या पठारावर जंगमांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शेती करतात, आलेल्यांना जेवूखाऊ घालतात, झोपायला जागा देतात, हे फोटोत कुठे येतं? आम्ही तर मुद्दाम घरं दिसणार नाहीत असा कोपरा शोधला. एकदम 'वाइल्ड'!

सकाळी एक मावशी आल्या. मला वाटलं, आता ओरडणार.

"आमच्या रानात झोपला व्हय? मग घरी का न्हाई आला? थंडीत कशाला मरायचं?"

मी ज्याला रान समजत होतो ते रानच होतं, पण त्यांच्या अर्थानं. शेत. पीक निघालेलं. विचारायचं सुचलंही नव्हतं. बरं, आम्ही कचऱ्याची पिशवी इमानदारीत खाली आणली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. पैसेही परत आणले, त्याचं काय?

मला वाटतं घोळ मुळात आहे. ही तंबूची हौस आपण अमेरिकेकडून घेतली. तिथे १९६४ साली कायदाच झाला, की अशी राखीव जंगलं असावीत जिथे माणूस फक्त पाहुणा असेल, मुक्कामाला राहणार नाही. (तिथल्याही मूळ रहिवाशांना हे वाचून काय वाटलं असेल, हा वेगळा विषय.) सह्याद्री तसा नाही. इथे डोंगराला वाड्या आहेत, सड्यावर गुरं आहेत, पाऊलवाट कुणाच्या तरी अंगणातून जाते. वेल्ह्यातही तेच. राजगडाला जाताना गुंजवण्यात उतरून चहा पिऊन पुढे जातो आपण, तेवढाच काय तो संबंध. मग 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून स्टेटस!

इथे बायकोनं हे वाचून हरकत घेतली, आणि ती खरी आहे. ती म्हणाली, "घरात झोपलो असतो तर आपल्याला निवांत बोलता तरी आलं असतं का?" पुण्यात आम्ही आई-बाबांबरोबर दोन खोल्यांत राहतो. शिवाय लग्न न झालेल्या जोडप्यांना जागोजागी जी उलटतपासणी सोसावी लागते, त्यांना तंबू म्हणजे दार लावता येणारी एकमेव खोली. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तंबूत झोपायचं म्हणून जेवायचंही तंबूतच, असं कुणी सांगितलं? जागा विचारा, जागेचे पैसे द्या, दोन्ही वेळचं जेवण वरच्या घरातच सांगा. नूडल्स घरी खा.

मावशींचा नंबर घेतलाय. पुढच्या महिन्यात दोन माणसांचं पिठलं-भाकरी सांगितलंय. तंबू मी विकायला काढणार होतो, बायको नाही म्हणते.